आईची फाईल आणि मामांचे मेसेज

*ताई, नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात राहते. आईला (वय ५६) या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे, तीन झाल्या. कॅन्सर कळला त्या दिवसापासून घरात सल्ल्यांचा नुसता पाऊस पडतोय. आमच्याकडे मामांचा शब्द मोठा. त्यांना ‘साखर हे कॅन्सरचं खाद्य’ असा मेसेज आला आणि त्यांनी आईचं दूध, साखर, गूळ, भात सगळं बंद केलं. शेजारच्या काकू रोज गव्हांकुराचा रस आणून देतात. कुणी लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा सांगतं. पुण्याचा भाऊ इंग्रजी लेख पाठवतो, त्यातलं मला निम्मं कळत नाही. डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत इतकी गर्दी असते की मी तोंड उघडेपर्यंत पुढच्या पेशंटचं नाव पुकारतात. आईचं वजन ५८ होतं, आता ५३ आहे. मामा म्हणतात, अंगातली घाण निघून चालली आहे. आईला शुगर-बीपी काही नाही. खरी माहिती कुठे शोधू? कुणाचं ऐकू? आणि मामांना कसं सांगू? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, मला अगंतुगंच म्हणा.*
*— एक लेक*

बाळा, तू तीन प्रश्न विचारलेस, पण मी अडकले ते तुझ्या पत्रातल्या एका आकड्यापाशी. ५८ चं ५३. तू तो जाता जाता लिहिला आहेस. मी २६ वर्षं रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी कॅन्सरच्या वॉर्डात. तिथे असं वजन दिसलं की आम्ही बाकी सगळं बाजूला ठेवायचो. थोड्या महिन्यांत वजन शंभराला पाचच्या वर उतरलं की ती धोक्याची खूण मानतात. तुझ्या आईच्या बाबतीत हे पाच टक्के म्हणजे साधारण तीन किलो. तिचं पाच किलो गेलं आहे.

हे पाच किलो म्हणजे घाण नव्हे. त्यात तिच्या दंडाचं, मांडीचं मांस आहे. उठून बाथरूमपर्यंत चालत जायची ताकद आहे. आणि पुढची केमो वेळेवर सोसायची ताकद आहे. केमोच्या आधी प्रत्येक वेळी तिला काट्यावर उभं करतात ना? बहुतेक केमोच्या औषधांचा डोस उंची आणि वजन धरून काढतात, म्हणून ते वजन बघतात. वजन फार ढासळलं, अशक्तपणा आला, रक्तातले काउंट चढले नाहीत, की डॉक्टरांना केमो पुढे ढकलावी लागते, कधी डोस कमी करावा लागतो. तेव्हा पहिलं काम उद्याच कर. रुग्णालयात फोन लावून सांग, ‘पाच किलो वजन उतरलंय, खाणं फार कमी झालंय, आहारतज्ज्ञांना भेटायचंय.’ कॅन्सरवर उपचार करणाऱ्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात. विचारलं नाही तर भेट होत नाही, एवढंच.

आता ‘खरी माहिती कुठे शोधू’. सगळ्यात खरी माहिती तुझ्या घरातच आहे, कपाटात, त्या निळ्या नाहीतर पिवळ्या फाईलमध्ये. मी हे मनापासून सांगते आहे. तुझ्या आईच्या आजाराबद्दल तिच्या फाईलला जितकं माहीत आहे तितकं मामांच्या ग्रुपला, मला किंवा कुठल्याही व्हिडिओतल्या माणसाला माहीत नाही.

एका दुपारी आई झोपली की ती फाईल उघड. बायॉप्सीचा कागद शोध, ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीचा रिपोर्ट शोध. त्यात ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावं असतील आणि पुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहिलेलं असेल. ईआर, पीआर म्हणजे गाठीच्या पेशी बाईच्या शरीरातल्या हार्मोनांना ओ देतात की नाही, ते. हर-टू हे पेशीवर असलेलं एक प्रथिन. या तीन उत्तरांवर पुढचे उपचार ठरतात. कुणाला पाच-दहा वर्षं हार्मोनविरोधी गोळी, कुणाला हर-टूवरचं इंजेक्शन, कुणाला यातलं काहीच नाही. हे एकदा डोक्यात बसलं की ‘आमच्या नणंदेला तर केमो दिलीच नव्हती, तुम्हालाच का?’ असं कुणी म्हटलं तरी तुझा जीव खालीवर होणार नाही. नणंदेचा कॅन्सर वेगळा, आईचा वेगळा. नाव फक्त एक.

मग एक शंभर पानी वही घे. डाव्या पानावर रोजचं: काय खाल्लं, ताप, उलटी, जुलाब, तोंड आलं का. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर, त्याच वेळी, वजन. उजव्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. ओपीडीत आत जाताना वही उघडी ठेवून जा आणि बसायच्या आधी म्हण, ‘डॉक्टर, माझे तीनच प्रश्न आहेत.’ माझा अनुभव असा की तीन प्रश्न लिहून आणणाऱ्या माणसाला गर्दीतही उत्तर मिळतं. ‘काय खायचं, काय नाही’ असं मोघम विचारलं की ‘सगळं खाऊ द्या’ एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी विचार: हे उपचार आजार मुळातून बरा करायला आहेत की आटोक्यात ठेवायला? या औषधांसोबत कोणती गोळी, काढा किंवा फळ चालत नाही? रात्री ताप आला तर फोन कुठे करायचा?

हा शेवटचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिही, नंबरासकट. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या काळात १००.४ च्या वर ताप म्हणजे क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायचा ताप नव्हे. रात्री दोन वाजता आला तरी रुग्णालयात कळवायचं आणि निघायचं. घरात थर्मामीटर नसेल तर आज आण. हात लावून ताप बघू नकोस.

आता काकूंचा गव्हांकुराचा रस. मला माहीत आहे, काकू पहाटे उठून, ट्रे धुऊन, पातं पातं कापून, वाटून, गाळून आणत असतील. त्यामागची माया खरी आहे. पण मातीत उगवलेलं, कच्चं वाटलेलं आणि न उकळलेलं काहीही पांढऱ्या पेशी कमी असताना नको. निरोगी माणसाचं पोट जे जंतू पचवतं, तेच आईला आयसीयूत नेऊ शकतात. आणि रसाने पोट भरतं, ताकद येत नाही. माझ्या वॉर्डात एक गृहस्थ होते, जबड्याचा कॅन्सर, मूळचे शेतकरी. घरच्यांनी दोन महिने त्यांना फक्त रसांवर ठेवलं होतं. मुलगा हुशार, शिकलेला, सगळं वाचून करत होता. काट्यावर आकडा आला ४१. मुलाने काटा बदलून मागितला. दुसऱ्या काट्यावरही ४१. तो काही बोलला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला. आम्ही नळीने खाणं सुरू केलं, तीन आठवड्यांनी केमो देता आली. ते तीन आठवडे त्या मुलाने स्वतःला कसे माफ केले असतील, मला माहीत नाही. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे एवढं लांबवून लिहिते आहे.

साखरेचं काय ते नीट समजून घे, कारण मामांशी बोलताना तुला हे लागेल. यात खऱ्याचा एक कण आहे. कॅन्सरच्या पेशी साखर, म्हणजे ग्लुकोज, भराभर वापरतात. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात आणि गाठ चमकून दिसते, ती याचमुळे. पण ग्लुकोज मेंदूलाही लागतं, हृदयालाही लागतं, आणि आईने साखरेचा कणही खाल्ला नाही तरी तिचं शरीर ते तयार करतच राहणार. खाण्यातून मिळालं नाही तर स्नायूंतलं प्रथिन मोडून करणार. म्हणजे भात-साखर तोडून गाठ उपाशी राहत नाही, आई उपाशी राहते. उद्या मिठाईचा डबा उघड असं मी म्हणत नाही. चहात साखर, शिऱ्यात साखर, गुळाचा खडा हे तिला चालेल. केमोसोबत बऱ्याचदा स्टेरॉइड देतात आणि त्याने रक्तातली साखर तात्पुरती वाढू शकते, तेव्हा रिपोर्टमधली शुगर बघत राहा आणि वाढली तर डॉक्टर सांगतील तसं कर. दूध बंद केल्याने स्तनाचा कॅन्सर आटोक्यात येतो याला काही पुरावा नाही. दूध तोडल्याने वजन उतरतं, याला मात्र तुझ्या घरातलाच काटा पुरावा आहे.

आईला रोज किती प्रथिन हवं, याचा साधा हिशोब असा. उपचार चालू असताना दर किलो वजनामागे एक ते दीड ग्रॅम. ५३ किलोला ६५-७० ग्रॅम धरून चाल. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम. दोन पेले दूध, १२-१३. दोन वाट्या घट्ट वरण, १२. नुसतं वरचं पाणी नको, ते आजारी माणसाला देतात खरं, पण प्रथिन तळाशी बसलेलं असतं. वाटीभर दही, चार-पाच. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा त्याचं कूट, सात. पन्नास ग्रॅम पनीर, नऊ. वर भाकरी-भातातून आठ-दहा. झाले की नाही पासष्ट? यात एकही परदेशी फळ नाही, एकही महागडा डबा नाही. अंडं पूर्ण उकडलेलं, दूध उकळलेलं, दही घरचं ताजं. मासे-चिकन खात असाल तर नीट शिजवून द्या, काही बिघडत नाही.

तोंड आलं असेल तर हे सगळं गिळवणार नाही. तेव्हा मऊ, गार, बिनतिखटाचं. आटवल भात तुपासकट, दूध-पोळी कुस्करून, नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून निववलेलं, मुगाची खिचडी ताकात नव्हे तर साजूक तुपात. एका वेळी चार घास गेले तरी बास, पण दर दोन तासांनी. तिला ‘काय खाशील?’ विचारू नकोस. तिला काहीच नको असणार. वाटी समोर ठेव आणि शेजारी बसून तूही खा.

लक्ष्मणफळ आणि बाकीच्या झाडपाल्याबद्दल. तू म्हणशील, ताई आहारतज्ज्ञ, यांना आपल्या औषधांचं वावडं. नाही गं. तुमच्या अंगणात सदाफुली असेल, गुलाबी नाहीतर पांढरी. तिच्यातून व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं निघाली. ब्लड कॅन्सरच्या कितीतरी मुलांना त्यांनी जगवलं आहे. तुमच्या पश्चिमेला सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, त्याची चोरटी तोड होते अशा बातम्या वाचल्या असशील. त्यातलं कॅम्प्टोथेसिन कॅन्सरच्या पेशी मारतं. ते जसंच्या तसं माणसांना देऊन पाहिलं तेव्हा रुग्णांच्या मूत्राशयाला भयंकर इजा झाली आणि ते थांबवावं लागलं. पुढे कितीतरी वर्षं खपून त्याची रचना बदलली, तेव्हा टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही वापरता येण्याजोगी औषधं हाती आली. एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिन मिळवायला सदाफुलीची शेकडो किलो सुकी पानं लागतात, आणि रुग्णाला ते दोन-दोन मिलिग्रॅमच्या मापात, शिरेतूनच द्यायचं असतं. झाडात औषध असणं आणि झाड हे औषध असणं, यात हा सगळा प्रवास आहे. अंगणातली पानं चावून तो होत नाही, उलट विषबाधा होऊ शकते.

लक्ष्मणफळाचा मेसेज म्हणतो, केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी. तो आकडा प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर केलेल्या कामावरून फुगवलेला आहे. बशीतल्या कॅन्सर पेशी मिठाच्या दाट पाण्यानेही मरतात, व्हिनेगरनेही मरतात. माणसाच्या शरीरात बाकीच्या पेशी न मारता मरतात का, हाच तर खरा प्रश्न. त्याचा पुरावा लक्ष्मणफळाकडे नाही. उलट कॅरिबियन बेटांवर, ग्वादलूपमध्ये, हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा नेमाने घेणाऱ्या लोकांत कंपवातासारखा एक आजार दिसला आणि त्याचा संबंध या झाडातल्या द्रव्याशी जोडला गेला. फळाची एक फोड खाल्ली म्हणून घाबरू नकोस. पानांचा काढा रोज नको.

आणि एक गोष्ट जी मला सांगायला जड जाते. माझ्या आईला कॅन्सर झाला तेव्हा मी नोकरीत होते, सगळं शिकलेली होते. तरी एका माणसाकडून मी काढ्याच्या बाटल्या आणल्या. त्याच्या दारात शंभर माणसांची रांग होती, त्या रांगेनेच माझी खात्री पटवली. डॉक्टरांना सांगितलं नाही, रागावतील म्हणून. आईला जुलाब लागले, केमो एक आठवडा लांबली, आणि डॉक्टर कारण शोधत राहिले. मी गप्प राहिले. शेवटी सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, बाटली घेऊन या. म्हणून तुला सांगते, घरात आईला जे जे देताय, रस, काढा, पावडर, होमिओपॅथीच्या गोळ्या, सगळं एका पिशवीत भर आणि पुढच्या ओपीडीला टेबलावर ठेव. गुळवेलीसारखी घरोघरी घेतली जाणारी वनस्पतीसुद्धा. कोविडच्या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की ती वनस्पती भलतीच असू शकते. तू आणि मी पुडीतली पावडर बघून ते ओळखू शकणार नाही, आणि केमोची कितीतरी औषधं यकृतातूनच जातात. रोजच्या भाजीतली हळद चालू दे. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नको. पपनसाचंही विचारून घे. ग्रेपफ्रूटच्या या भावंडाने काही औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतं.

बाहेरची माहिती कुणाची घ्यायची? मराठीत बोलून समजून घ्यायचं असेल तर मुंबईत कॅन्सर रुग्णांसाठी वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संस्था आहेत. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आहे, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून. व्ही केअर ही संस्था कॅन्सरमधून उठलेल्या माणसांनी चालवलेली आहे. ज्या बाईने स्वतः केस गळताना पाहिलेत तिच्याशी आईचं बोलणं करून दे, माझ्या दहा लेखांपेक्षा ते बरं. उपचार बरोबर चाललेत ना ही शंका मनात असेल तर देशातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं आहे, नॅशनल कॅन्सर ग्रिड, २०१२ साली परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. कोणत्या कॅन्सरला कोणत्या पायरीवर काय उपचार, याची मार्गदर्शक तत्त्वं त्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. ती डॉक्टरांसाठी लिहिलेली, इंग्रजीत आहेत. भावाने ती वाचावीत आणि डॉक्टरांना नम्रपणे विचारावं, आपण याच वाटेने चाललोय ना? दुसरं मत घेणं हा अविश्वास नव्हे. चांगला डॉक्टर फाईलची झेरॉक्स स्वतः काढून देतो.

भावाला लेख पाठवणं बंद करायला सांगू नकोस, त्याला नेमकं काम दे. अमेरिकेच्या सरकारी नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची रुग्णांसाठीची पानं, अमेरिकन कॅन्सर सोसायटी, ब्रिटनची कॅन्सर रिसर्च यूके, आणि झाडपाला-पूरक औषधांसाठी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाची वनस्पतींची यादी, एवढ्या चारच ठिकाणांचं त्याने वाचावं. पानाच्या खाली ते शेवटचं कधी तपासलं ती तारीख असते, ती बघावी. मग रविवारी फोनवर तुला मराठीत दहा मिनिटांत सांगावं. मोबाईलवरच्या एआयला विचारत असेल तर रिपोर्टमधला अवघड शब्द समजून घ्यायला विचारू दे. डोस, औषध बंद-चालू, ‘हे खाल्लं तर चालेल का’, हे नाही. ते बेधडक चुकीचंही सांगतं, आणि चुकताना त्याचा आवाज बदलत नाही.

आता मामा.

मामांना खोटं पाडू नकोस. ते धाकट्या बहिणीसाठी काहीतरी करू बघतायत आणि हातात मोबाईलखेरीज काही नाही. त्यांच्याशी बोलताना दोन खऱ्या गोष्टी सांग. एक, डॉक्टर राजेंद्र बडवे हे टाटा मेमोरियलचे माजी संचालक, मोठे सर्जन, आपलेच मराठी. त्यांच्या नावाने ‘गरम नारळपाणी कॅन्सरच्या पेशी मारतं’ असा मेसेज गावोगाव फिरला. ते तसं कधीच म्हणाले नव्हते, रुग्णालयाला खुलासा करावा लागला. म्हणजे खाली मोठं नाव आहे म्हणून मेसेज खरा नसतो. दोन, नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या टप्प्याचा स्तनाचा कॅन्सर कडुलिंब, हळद, लिंबूपाणी आणि साखर-दूध बंद करून बरा झाल्याचं सांगितलं. तो व्हिडिओ मामांनीही पाहिला असेल. त्या बाईंची ऑपरेशनं आणि केमोही झाली होती, ते मात्र पुढे आलेल्या मेसेजांमधून गळून गेलं. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी सह्या करून पत्रक काढलं की या गोष्टींनी कॅन्सर बरा होतो असा पुरावा नाही, अशा उपायांपायी उपचार लांबवू नका. २६२ सह्या, मामांना हा आकडा सांग. आमच्या पिढीला सह्यांचा मान आहे.

ते अजून ऐकत नसतील तर हेही सांग. २०१८ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीरभर न पसरलेला, बरा होण्यासारखा कॅन्सर असूनही केवळ पर्यायी उपाय निवडलेले २८१ जण त्यात होते. रीतसर उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. आणि कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. जो उघड दावा करतो आहे तो तिथेच कायदा मोडतो आहे.

मग लगेच मामांना काम दे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद झालेत का? नसतील तर रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जायला मामांसारखा शब्दाला वजन असलेला माणूसच हवा. रविवारचं वजन वहीत मामांनी स्वतःच्या हाताने लिहावं. पाच किलो गेल्याचं तू सांगण्यापेक्षा काट्यावरचा आकडा त्यांनी वाचलेला बरा. रक्त किंवा प्लेटलेट लागल्या तर चार माणसं कोण, ती यादी त्यांनी करावी. नवा मेसेज आला तर ‘वहीत उजव्या पानावर लिहा मामा, डॉक्टरांना विचारू’ असं म्हण. विचार खरंच. त्यातला एखादा रास्तही निघेल. योगासनांचंच बघ, टाटामध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० बायकांवर रीतसर चाचणी करून ती तपासून पाहिली गेली. आईला खांदा मोकळा करायचे व्यायाम आणि हलका योग चालेल का, हा प्रश्नही लिहून ठेव. ऑपरेशनच्या बाजूचा हात जखडू नये म्हणून तो विचारायलाच हवा.

काकूंना म्हण, रसाऐवजी आईसाठी रोज संध्याकाळी दोन अंडी उकडून आणाल का, शाकाहारी असाल तर मुगाचं धिरडं. आणि तुझं स्वतःचं जेवण? पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही.

आज रात्री नाचणीचं सत्त्व दूध-साखर घालून पातळ शिजव, वर चमचाभर तूप, निवू दे. मामा घरात असले तरी त्यांच्यासमोरच दे. रविवारी वजन केलंस की आकडा मला कळव.